लिनक्स लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते? आधी वॉट मोजा

"काका, चार्जर काढला की दीड तासात लॅपटॉप मान टाकतो. परवा प्रॅक्टिकल सबमिट करता करता बंद पडला." नागपूरच्या हॉस्टेलवरून पुतणीचा फोन. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात बऱ्याच जणांनी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं, म्हणून तिनेही टाकलं. विंडोज असताना हाच लॅपटॉप साडेतीन-चार तास आरामात चालायचा. आतापर्यंत काय काय करून पाहिलंस, असं विचारलं तर तिने यादीच वाचली. टीएलपी टाकलं, ऑटो-सीपीयूफ्रेक टाकलं (दोन्ही वीज वाचवणारी साधनं), कुठल्याशा व्हिडिओत बघून बूटच्या ओळीत (लॅपटॉप चालू होताना लिनक्सला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) तीन-चार पर्याय घातले. फरक काहीच नाही, आणि नेमकं काय बदललं होतं तेही आता आठवत नव्हतं.

लिनक्सवर नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं. उपाय ढीगभर सापडतात, पण त्यातला कुठला लागू पडला हे कळायला हातात आकडा नसतो. म्हणून मी तिला सगळं थांबवायला सांगितलं आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. दोन संध्याकाळी फोनवर बसून जे केलं, तेच इथे त्याच क्रमाने देतोय. कमांड मी तिला बोलून सांगितल्या तशाच लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाकायच्या. जिथे स्पेलिंग चुकण्यासारखं आहे तिथे अक्षरं फोडून सांगेन.

दोन आकडे, बाकी सगळं नंतर

घरच्या वीजबिलावर जे एक युनिट असतं ते म्हणजे १००० वॉट-तास. साधारण लॅपटॉपची बॅटरी ४० ते ६० वॉट-तासांची असते, म्हणजे एका युनिटचा विसावा हिस्सा धरा. आता लॅपटॉप दर क्षणाला १० वॉट ओढत असेल तर ५० वॉट-तासांची बॅटरी पाच तास पुरेल. २५ वॉट ओढत असेल तर दोन तास. सगळा हिशोब एवढाच. बॅटरी लवकर संपते याचा अर्थ एक तर तिच्यात आता पूर्वीइतकी वीज मावत नाही, नाही तर लॅपटॉप गरजेपेक्षा जास्त ओढतोय. बऱ्याचदा दोन्ही थोडं थोडं असतं. कुठलं किती, हे आधी वेगळं काढायचं.

टर्मिनल उघडा आणि ‘यूपॉवर -डी’ ही कमांड द्या. ‘यू’ हे एकच अक्षर, त्याला जोडून पॉवर, मग जागा सोडून वजा चिन्ह आणि डी. काही टाकायची गरज नाही, बहुतेक डेस्कटॉपवर ती आधीपासून असते. लांबलचक उत्तर येईल. त्यात ज्या भागाच्या नावात शेवटी बीएटी शून्य किंवा बीएटी एक असेल तोच वाचा. ब्लूटूथ माउसची बॅटरीही त्याच यादीत येते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. काही जुन्या थिंकपॅडमध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे काढता येणारी. तसं असेल तर दोन्हींची बेरीज धरायची.

त्या भागात तीन ओळी शोधा. ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ म्हणजे बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता. ‘एनर्जी-फुल’ म्हणजे आज पूर्ण भरल्यावर तिच्यात प्रत्यक्ष मावते ती. ‘एनर्जी-रेट’ म्हणजे या घडीला किती वॉट खर्च होतायत.

पुतणीने वाचून दाखवलं: डिझाइन ४८, फुल ३६. म्हणजे ७५ टक्के. बॅटरी झिजलीय, पण दीड तासात संपण्याइतकी नाही. माझा अंदाज साधारण असा असतो: ८० टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. ६० ते ८० म्हणजे वयाप्रमाणे झीज. ५० च्या खाली गेली असेल तर पुढच्या पायऱ्यांनी थोडा दिलासा मिळेल, पण खरा उपाय नवी बॅटरी. आणखी एक खूण लक्षात ठेवा. तीस टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर आतला एखादा सेल दमलाय किंवा बॅटरीचा स्वतःचा हिशोब चुकलाय. एकदा पूर्ण भरून, मग पूर्ण उतरवून परत भरा. त्यानेही तसंच होत असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर ते दुरुस्त करणार नाही.

आता खर्चाचा आकडा. तो नीट घेण्याची एक पद्धत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. चार्जर काढा. सगळी ॲप्स बंद करा, टर्मिनल तेवढं ठेवा. ब्राइटनेस अर्ध्यावर आणा. पाच मिनिटं लॅपटॉपला हात लावू नका, कारण चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं आत बरीच धावपळ चाललेली असते. मग दर मिनिटाला एकदा, असं तीन-चार वेळा ‘यूपॉवर -डी’ द्या आणि सरासरी काढा. हा आकडा काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे एकाच वाचनावर जाऊ नका.

नव्या, पातळ लॅपटॉपवर असा रिकामा खर्च ३ ते ६ वॉट येतो. पाच-सात वर्षांच्या साध्या लॅपटॉपवर ६ ते ९. मोठी स्क्रीन आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर १० च्या आसपास चालेल. काहीही न करता १५ च्या वर जात असेल तर कुणीतरी जागं बसलंय हे नक्की.

पुतणीचा आकडा १९ आला. काम करताना २३. छत्तीस भागिले तेवीस, दीड तासाच्या थोडं वर. तिच्या तक्रारीशी आकडा तंतोतंत जुळला.

एक वही घ्या, किंवा फोनमधली टीप. तारीख, काय बदललं, बदलाआधीचे वॉट, नंतरचे वॉट. एका वेळी एकच बदल. याचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे, पण तिच्या आधीच्या खटपटी फुकट गेल्या त्या एवढ्याचसाठी.

आधीची गर्दी काढा

टीएलपी आणि ऑटो-सीपीयूफ्रेक ही दोन्ही चांगली साधनं आहेत, पण दोघंही प्रोसेसरच्या त्याच सेटिंगवर हात ठेवतात. त्यात डेस्कटॉपचं स्वतःचं पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, म्हणजे मागे चालणारं वीज-नियंत्रण, असतंच. एकाने केलेलं दुसरा पुसतो आणि आपण मधे गोंधळतो. सध्या तिघांतलं डेस्कटॉपचं आपलं ठेवा, बाकीची काढून टाका.

बूटच्या ओळीत काय पडलंय ते बघायला ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ द्या. पुतणीच्या ओळीत इंटेल ग्राफिक्सची ‘आरसी६’ ही झोपेची सोय चालू करणारा पर्याय होता. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याला अर्थ होता. आताच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तो पर्याय उरलेलाच नाही. शेजारी पीसीआयची (आतली कार्डं प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाची) वीजबचत जबरदस्तीने लावणारा ‘पीसीआयई_एएसपीएम’ होता, ‘फोर्स’ लावलेला. हा मात्र निरुपद्रवी नाही. ज्या हार्डवेअरला तो मानवत नाही तिथे लॅपटॉप मधेच गोठतो. जुन्या लेखांमधून उचललेले असे पर्याय ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमधून काढा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने), लॅपटॉप पुन्हा चालू करा आणि परत मोजा. तिचा आकडा होता तिथेच राहिला, १९. पण आता निदान जमीन सपाट झाली.

कोण जागं आहे?

पहिलं बघायचं ते प्रोसेसर. ‘टॉप’ ही कमांड सगळीकडे असते, ‘एचटॉप’ टाकून घेतलं तर वाचायला सोपं. काहीच चालू नसताना सगळ्यात वरच्या ओळीला दोन-तीन टक्क्यांहून जास्त दिसायला नको.

नव्याने सिस्टिम टाकली असेल तर पहिले एक-दोन दिवस फाइलींची सूची बनवणारा कार्यक्रम काम करत असतो. गनोममध्ये (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) त्याचं नाव ट्रॅकर, नव्या आवृत्त्यांत लोकलसर्च. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये बालू. तो बंद करू नका. एक रात्र चार्जरवर ठेवून त्याचं काम संपू द्या, मग तो आपोआप शांत होतो. चार-पाच दिवसांनीही धावत असेल तर एखाद्या अवाढव्य फोल्डरवर अडकलाय. तेवढा फोल्डर सेटिंगमधून वगळा.

‘केवर्कर’ नावाची ओळ सतत वर दिसत असेल तर प्रकरण वेगळं. हे कर्नलचं स्वतःचं काम असतं आणि बऱ्याच वेळा मूळ बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या पायाभूत सॉफ्टवेअरमध्ये, असतं: हार्डवेअर प्रोसेसरला विनाकारण सारखं हाका मारत राहतं. अशा वेळी बायॉस अद्ययावत करा. बऱ्याच कंपन्यांचे बायॉस आता लिनक्समधूनच येतात. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर रिफ्रेश’ आणि मग ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट’. हे करताना चार्जर लावलेला पाहिजे, आणि लाईटचा भरवसा नसेल त्या दिवशी हे काम काढू नका.

यानंतर पॉवरटॉप. इंटेलने २००७ मध्ये आणलेलं हे साधन अजूनही या कामातलं माझं सगळ्यात आवडतं आहे. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉवरटॉप’ आणि मग ‘सुडो पॉवरटॉप’. पहिल्याच पानावर बॅटरीतून किती वॉट जातायत ते दिसतं आणि खाली कोण प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतंय याची यादी. टॅबची कळ दाबत पुढे गेलात की ‘आयडल स्टॅट्स’चं पान येतं. रिकाम्या लॅपटॉपवर प्रोसेसर बहुतेक वेळ सगळ्यात खोल झोपेत असला पाहिजे. इंटेलवर त्या अवस्थांची नावं सी६, सी८, सी१० अशी असतात, आकडा मोठा तितकी झोप गाढ. ‘पॅकेज’च्या रकान्यात सगळा वेळ सी२ किंवा सी३ वरच अडकलेला दिसला, तर प्रोसेसर स्वतः नव्हे, त्याला जोडलेलं काहीतरी त्याला झोपू देत नाहीये.

पुतणीचा पॅकेज सी३ वर अडकला होता. टॉपमध्ये मात्र सगळं शांत. तिथेच मला शंका आली.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर इथे थांबा

गेमिंगचा म्हणून विकला जाणारा कुठलाही लॅपटॉप घ्या, त्यात दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरमधलं, कमी खाणारं. दुसरं वेगळं कार्ड, बहुतेक वेळा एनव्हिडियाचं. ते नुसतं जागं राहिलं तरी काही काम न करता ५ ते १० वॉट घेतं. लिनक्सवरच्या बॅटरीच्या तक्रारींत सगळ्यात मोठा आकडा मला इथेच सापडत आलाय, म्हणून बाकीच्या बारीक उपायांआधी ही पायरी घ्या.

उबुंटूवर आणि मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर विचारायची कमांड: ‘प्राइम-सिलेक्ट क्वेरी’. उत्तर तीनपैकी एक येईल. ‘एनव्हिडिया’ म्हणजे सगळी स्क्रीन कायम मोठ्या कार्डावर. ‘इंटेल’ म्हणजे मोठं कार्ड पूर्ण बंद. ‘ऑन-डिमांड’ म्हणजे एरवी झोपलेलं, सांगितलं की उठणारं.

तिकडून आवाज आला, "काका, एनव्हिडिया लिहिलंय." मग आठवलं: एका मैत्रिणीने गेमसाठी सांगितलं म्हणून कधीतरी सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स मोड’ निवडला होता. गेम महिन्याभरात काढून टाकला, मोड तसाच राहिला.

‘सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड’, मग रीस्टार्ट. पाच मिनिटं थांबलो. आकडा आला साडेनऊ. एका ओळीने निम्मा खर्च गेला.

इथे दोन-तीन गोष्टी नीट समजून घ्या. ट्युरिंग पिढीपासूनची कार्डं, म्हणजे जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्सची मालिका, ऑन-डिमांडमध्ये काम नसताना स्वतःची वीज पूर्ण तोडू शकतात. त्याआधीच्या कार्डांना ते जमत नाही. ती ऑन-डिमांडमध्येही थोडी थोडी खात राहतात, त्यांच्यासाठी ‘इंटेल’ हाच पर्याय. पण अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. ‘इंटेल’ मोडमध्ये मग प्रोजेक्टर किंवा बाहेरचा मॉनिटर दिसतच नाही. सेमिनारच्या आदल्या रात्री हे आठवा, त्या दिवशी स्टेजवर नको.

दुसरं म्हणजे कार्ड झोपलंय का हे बघायला ‘एनव्हिडिया-एसएमआय’ वापरू नका. ती कमांडच कार्डाला उठवते आणि तुम्हाला ते नेहमी जागंच दिसतं. त्यापेक्षा वॉटचा आकडा बघा. वरच्या पट्टीत तापमान दाखवणारी विजेटं असतात, त्यांतली काही दर दोन सेकंदांनी कार्डाला तापमान विचारतात, आणि मग कार्ड कधीच झोपत नाही. मोड बरोबर असूनही आकडा उतरत नसेल तर आधी ती विजेटं काढा.

स्क्रीन आणि व्हिडिओ

ब्राइटनेस पूर्ण आणि अर्धा यांत दोन ते चार वॉटचा फरक सहज पडतो. १२० किंवा १४४ हर्ट्झची स्क्रीन असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० करा. गडद थीमने वीज वाचते ती फक्त ओलेड स्क्रीनवर. साध्या एलसीडीत मागचा दिवा तेवढाच जळतो. कीबोर्डखालचा दिवा बंद करा. पुतणीने १४४ चे ६० केले, ब्राइटनेस चाळीसवर आणला आणि साडेनऊचे साडेसात झाले.

व्हिडिओबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला खास भाग असतो आणि तो फार थोड्या विजेत ते काम करतो. ब्राउझरने तो वापरला नाही तर सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावायला लागतो. तपासायचं असं: इंटेलवर ‘सुडो इंटेल_जीपीयू_टॉप’ चालवा आणि व्हिडिओ लावा. ‘व्हिडिओ’ची ओळ शून्यावरच राहिली तर तो भाग झोपलाय. ‘व्हीएइन्फो’ या कमांडने तुमची चिप कुठले प्रकार उलगडू शकते त्याची यादी मिळते. ती कमांडच चूक दाखवत असेल तर ड्रायव्हर नाही. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर पेटंटच्या कारणाने एएमडी ग्राफिक्ससाठी एच.२६४ या व्हिडिओ-प्रकाराचा आधार मूळ पॅकेजमधून काढलेला असतो, तो आरपीएम फ्यूजन या भांडारातून घ्यावा लागतो. फायरफॉक्समध्ये ११५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जुलै २०२३ पासून, इंटेल ग्राफिक्सवर ही सोय लिनक्समध्ये आपोआप चालू असते.

चिपचं वयही आड येतं. इंटेलची सातव्या पिढीची चिप व्हीपी९ हा प्रकार उलगडते, एव्ही१ मात्र अकराव्या पिढीपासून. जुना लॅपटॉप असेल तर व्हिडिओ ७२० वर ठेवा. लेक्चरच्या फळ्यावरची अक्षरं तेवढ्यात स्वच्छ दिसतात. पुतणी ज्या ब्राउझरमध्ये लेक्चर बघायची तिथे १६ वॉट जात होते. ब्राउझर बदलल्यावर तेच लेक्चर ११ वॉटमध्ये झालं.

प्रोफाइल: एकच निवडा

आता कुठे वीजबचतीच्या साधनाची पाळी. गनोम किंवा केडीईच्या कोपऱ्यातल्या मेनूत तीन प्रोफाइल दिसतात. टर्मिनलमधून हवं असेल तर ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल सेट पॉवर-सेव्हर’. फेडोराने ४१ व्या आवृत्तीपासून मागचं यंत्र बदलून ट्यून्ड घेतलं, पण मेनू तोच राहिला. बॅटरीवर असताना पॉवर-सेव्हर, चार्जरवर बॅलन्स्ड, एवढं नव्या माणसाला पुरतं.

टीएलपी कधी घ्यावं? बॅटरी आणि चार्जरवर वेगवेगळे नियम हवे असतील, प्रत्येक उपकरणाचं वागणं स्वतः ठरवायचं असेल तेव्हा. मग मात्र पॉवर-प्रोफाइल्स-डीमन काढायचं आणि ‘टीएलपी-स्टॅट -एस’ देऊन ते खरंच चालू आहे ना हे बघायचं. मुळात टीएलपीची ठरलेली सेटिंग्ज चांगली आहेत. फाइल उघडून सगळ्या ओळी बदलायच्या फंदात पडू नका.

पॉवरटॉपमध्ये ‘ट्यूनेबल्स’चं पान आहे. ‘सुडो पॉवरटॉप --ऑटो-ट्यून’ दिलं की तिथल्या सगळ्या ‘बॅड’ ओळी एका दमात ‘गुड’ होतात. रीस्टार्टनंतर हे टिकत नाही, आणि सुरुवातीला तेच बरं, कारण यूएसबीची बचत लागली की काही माउस दोन सेकंद हलवला नाही तरी झोपतात आणि मग अडखळत उठतात. पुतणीकडे याने पाऊण वॉट वाचला. माउस मात्र अडखळायला लागला, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

एएमडीचा प्रोसेसर असेल तर नवा कर्नल घ्या. एएमडीचा स्वतःचा वेग-नियंत्रक, एएमडी_पी-स्टेट, कर्नल ५.१७ मध्ये आला आणि ६.५ पासून झेन २ पिढीच्या व त्यापुढच्या चिपवर तोच मूळ पर्याय झाला.

झाकण लावलं, सकाळी बॅटरी गायब

ही तक्रार वेगळी धरा, वरच्या उपायांचा तिच्याशी संबंध नाही. रात्री झाकण लावताना टक्के लिहून ठेवा, सकाळी उघडल्यावर परत लिहा. आठ तासांत दोन-चार टक्के गेले तर ठीक. पुतणीचे २२ टक्के जात होते.

‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ द्या. सिसचं स्पेलिंग एस-वाय-एस. उत्तरात ‘एस२आयडल’ आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या शेजारी ‘डीप’ असे शब्द येतात. चौकोनी कंसात जो आहे तो सध्या लागू. डीपमध्ये मेमरी सोडून सगळ्याची वीज तुटते. एस२आयडलमध्ये लॅपटॉप फोनसारखा डुलकी घेतो, आणि एखादं उपकरण नीट झोपलं नाही तर रात्रभर वीज खात राहतं. तसाच बॅगेत गेला तर आत तापतोही.

डीपचा पर्याय दिसत असेल तर आधी तात्पुरता लावून बघा: ‘इको डीप’, मग उभी रेघ, मग ‘सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप’. इथे ‘टी’ म्हणजे टी-ई-ई. झाकण लावा, दोन मिनिटांनी उघडा. स्क्रीन, वायफाय, आवाज सगळं परत आलं तरच कायम करा. त्यासाठी ग्रबच्या फाइलमधल्या ओळीत ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ घालायचं आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’. झाकण उघडल्यावर काळी स्क्रीन आली तर घाबरू नका. बटण दाबून बंद करून पुन्हा चालू केलं की तात्पुरता बदल गेलेला असतो. पुतणीकडे डीप चाललं, २२ चे ३ टक्के झाले.

डीप यादीतच नसेल तर बायॉसमध्ये शोधा. काही थिंकपॅडवर झोपेच्या प्रकारात ‘लिनक्स’ असा पर्याय मिळतो. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मात्र कंपनीनेच डीप काढून टाकलंय. तिथे बायॉस आणि कर्नल अद्ययावत ठेवणं एवढं हातात राहतं, आणि रात्री सरळ शट डाउन. हायबरनेट (मेमरी डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणं) करायचं तर स्वॅप, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा, साधारण रॅमएवढी लागते आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल ते बहुधा नाकारतो, हे आधी माहीत असू द्या.

आहे ती बॅटरी टिकवायची तर

लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी झिजवतात: उष्णता, आणि शंभर टक्के भरून तसंच ठेवणं. पुतणीचा लॅपटॉप टेबलावर दिवसरात्र चार्जरला लावलेला, आणि नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. अशा बॅटऱ्या साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात असं धरतात, आणि खोली चाळिशीत असेल तर लॅपटॉपच्या आत ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग टाळा, रात्री किंवा कूलरसमोर करा. गादीवर ठेवून चार्ज करू नका, खालची भोकं बुजतात.

चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपवर आहे. गनोम ४८ पासून सेटिंगच्या पॉवर विभागात बॅटरीचं आयुष्य जपण्याचा पर्याय येतो, केडीईमध्ये तो आधीपासून आहे. हार्डवेअरची साथ असेल तरच तो दिसतो. टीएलपी वापरत असाल तर ‘सुडो टीएलपी-स्टॅट -बी’ तुमच्या लॅपटॉपवर काय चालतं ते शेवटी लिहून देतं. थिंकपॅडवर चार्ज सुरू व्हायची आणि थांबायची, अशा दोन्ही मर्यादा लावता येतात. लाईट जाण्याचा त्रास असेल, किंवा दुसऱ्या दिवशी प्रवास असेल, तर आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरून घ्या.

आणि हे मात्र आजच बघा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का? टचपॅड वर उचललं गेलंय का, क्लिक करताना कडक लागतं का, खालच्या झाकणाची फट वाढलीय का? यातलं काहीही असेल तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, तो परत चार्ज करू नका. दाबून बसवायचा, टोचून हवा काढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका, तिथे आग लागते. दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

साधी झीज असेल आणि नवी बॅटरी घ्यायची वेळ आली, तर लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळ्या बॅटऱ्या बसवलेल्या असतात. जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टचा आकडा फोटो काढून दाखवा. नवी बसवली की दुकानातच एकदा पूर्ण भरू द्या, तिथेच टर्मिनल उघडून ‘यूपॉवर -डी’ द्या आणि एनर्जी-फुलचा आकडा डिझाइनच्या आकड्याशी ताडून बघा. नव्या बॅटरीत दोन्ही जवळपास सारखे हवेत. मोठी तफावत असेल तर पैसे देण्याआधीच बदलून मागा, आणि बरोबर असेल तर तारीख घालून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.